रजेतल्या सह्या

तिने सहीवर नख घासून पाहिलं. शाई पक्की होती. सही तिचीच होती, म्हणजे तिच्यासारखी. शेवटचा फटकारा तेवढा जरा जास्तच हौसेने वर नेलेला. तिने तारीख पाहिली. त्या दिवशी ती घरी होती, नऊ दिवसांच्या लेकीला मांडीवर घेऊन, केसांना तीन दिवस फणी न लावता.

पुढचं पान. सही. त्याच्या पुढचं. सही. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून ती आज पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली होती, आणि वहीचं खरं मानायचं तर ती एक दिवसही घरी राहिली नव्हती.

"वा!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. "बाळंत कोण झालं मग?"

खिडकीखाली सांडपाण्याच्या टाक्या होत्या. सगळ्या शहराच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी इथे येई. जाळीत चिंध्या-पिशव्या अडत, वाळू खाली बसे, मग मोठ्या टाकीत यंत्रांनी हवा सोडत. त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खात, गाळ तळाला जाई आणि वरचं निवळलेलं पाणी नदीत सुटे. ते खरोखर किती निवळलं हे सांगणं तिचं काम. बाहेर पडणाऱ्या पाण्याची रोज एक बाटली भरायची, पाच दिवस अंधारात बंद ठेवायची आणि जिवाणूंनी आतला प्राणवायू किती संपवला ते मोजायचं. आकडा जितका मोठा, तितकं पाणी घाण. विसाच्या वर गेला तर नदीत सोडायची परवानगी नाही. वहीत सहा महिने एकही आकडा पंधराच्या वर नव्हता, आणि शेवटी शेवटी तर नुसतं बारा, तेरा, बारा, तेरा.

तिने टाकीकडे पाहिलं. तीनपैकी हवेचं एकच यंत्र चालू होतं. सगळी टाकी फेसाळायला हवी होती. ती एका कोपऱ्यात खदखदत होती आणि बाकीचं पाणी काळं, मख्ख पडून होतं. हे पाणी बारा? साठाच्या खाली निघालं तरी नवल.

दार ढकलून साहेब आत आले. शुद्धीकरण केंद्राचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

"आलात? बाळ बरंय ना?" उत्तराला न थांबता त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. "खालच्या गावात मासे मेलेत. पोरांना जुलाब लागलेत म्हणतात. आता त्याला काय, पोरं काहीही खातात. पण प्रदूषण मंडळाचा तपासनीस अकराला येतोय. सहा महिन्यांचे आकडे आपल्याच प्रयोगशाळेचे आहेत, एवढंच लिहिलंय. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मी रजेवर होते, साहेब."

"रजा वेगळी, वही वेगळी. वही अगदी व्यवस्थित आहे."

"कुणी लिहिली?"

"व्यवस्थित आहे ना? झालं तर मग."

"दोन यंत्रं बंद आहेत."

"सुटे भाग यायचेत. एक तर तुम्ही होतात तेव्हाच बंद पडलं होतं. आजच बघताय का?" साहेब घड्याळ बघत निघून गेले.

कागद तिने तसाच उलटा केला. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"बाटली तोंडात घेईना गं. थुंकतेय नुसती. आईवर गेलीय, रागीट."

"पाणी उकळलं होतं ना, आई?"

"तीनदा! आता पाण्यालाच ताप आलाय. तू नको काळजी करू, झोपेल रडून-रडून."

मागून लेकीचं रडणं ऐकू आलं, आणि तिच्या छातीत दूध दाटलं. खालच्या गावातही आत्ता कुणीतरी बाटलीसाठी पाणी उकळत असेल. उकळल्याने जंतू मरतात, बाकीचं सगळं तिथेच राहतं. हे तिला माहीत होतं, त्या बाईला कुणी सांगितलेलं नसणार. तिने फोन ठेवला आणि वही पुन्हा ओढली. जिने कधी दुसऱ्याचा पेनसुद्धा उसना घेतला नाही, तिच्या सहीने हे पाणी सहा महिने नदीत सुटत होतं. कोण हा हरामखोर, ते अकराच्या आत शोधायचंच.

शोधायला फार वेळ लागला नाही. रजेच्या दुसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : आम्ल सांडून डावा हात भाजला. तपासणी अर्धवट.

तिने डावा हात उलटा करून पाहिला. मनगटापाशी डाग होता खरा. पण तो रजेच्या चार महिने आधीचा, आणि हाच शेरा तेव्हा तिनेच लिहिला होता. ती हसली, आणि हसताना तिचे दात एकमेकांवर घासले. साहेबांना चार ओळी सलग लिहायचा कंटाळा. दुसऱ्याचा भाजलेला हातसुद्धा इतक्या इमानाने उतरवून काढणारा माणूस केंद्रात एकच होता.

वही काखोटीला मारून ती यंत्रघराकडे गेली. तीस वर्षं हवेची यंत्रं सांभाळणारे, सगळ्या केंद्राचे मामा चिंधीने हात पुसत बाहेर आले. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"ताई! छकुली कशी आहे? फोटो तरी दाखवा."

"माझा हात रजेत भाजला का हो, मामा?"

मामांनी पान पाहिलं. जीभ चावली. "अरेच्चा. शेरापण उतरला होय!"

"हसू नका!"

"हसत नाहीये, ताई."

"माझी सही तुम्ही गिरवलीत. माझी!"

"चार दिवस लागले शिकायला. तो शेवटचा फटकारा काही केल्या जमेना." मामा चिंधीची घडी घालायला लागले. "पानं कोरी राहिली असती तर प्रयोगशाळा बाहेरच्या कंपनीला जाणार होती. साहेब तसं बोललेच होते. मग आज तुम्ही कुठे आला असता? तुमची खुर्ची राखली, एवढंच."

"खुर्ची राखली!" यंत्राच्या वरताण तिचा आवाज गेला. "आणि खाली पोरं आजारी पडली, त्यांचं काय राखलंत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या नावाने मनाला येईल ते आकडे ठोकून द्यायचे—"

"मनाचा एक आकडा नाही." मामा पहिल्यांदाच दुखावल्यासारखे दिसले. "तुमच्या रजेआधीचे सहा महिने होते ना, तेच ओळीने उतरवले. म्हटलं, ताईंचे आकडे म्हणजे खात्रीचे."

ती काही बोलणार होती.

"आणि शेवटच्या दोन महिन्यांना तर काही त्रासच पडला नाही," मामा म्हणाले. "बारा, तेरा, बारा, तेरा. बघायलासुद्धा लागत नव्हतं."

 नदीकडे पाणी सुटतं तिथवर बत्तीस पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या, कठड्याशिवायच्या. सातवा महिना लागला तेव्हापासून ती उतरली नव्हती. "मी आणून देतो बाटली," मामा रोज सकाळी दारात येऊन म्हणायचे. पण आणलेली बाटली पुढे तपासायचीही असते, ताटकळत उभं राहायचं असतं, आणि पाय तर सुजून खांब झालेले. "राहू द्या, मामा. कालच्यासारखंच असणार." असं ती म्हणाली होती. एकदा नाही. एक यंत्र तेव्हाच बंद पडलं होतं, आणि खिडकी तर तिच्या खुर्चीसमोरच होती.

"तेव्हा तुम्हाला उतरणं शक्यच नव्हतं," मामा यंत्राकडे बघत हळूच म्हणाले. "कोण काय म्हणणार आहे?"

त्या मऊ बोलण्याने तिला सगळ्यात जास्त संताप आला. वही पाण्यात भिरकावून द्यावी असं वाटलं, आणि तिने ती छातीशी इतकी घट्ट धरली की दूध पाझरून कोटावर ओला डाग पसरला. फोटो न दाखवता ती वळली आणि तरातरा निघाली.

तपासनीस बरोबर अकराला आला. बारीक माणूस, चष्मा कपाळावर. साहेबांनी त्याच्यासाठी खुर्ची पुसली. मामा दारात येऊन उभे राहिले. तपासनीसाने हजेरीपट आणि वही शेजारी-शेजारी ठेवली, आणि त्याचं बोट मंगळवारच्या शेऱ्यावर थांबलं.

"मॅडम, या दिवशी तुमचा हात भाजला. पण हजेरीपट म्हणतो, तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होतात. या सह्या तुमच्या?"

"अहो, तारखेची चूक—" साहेब म्हणाले.

"त्यांना विचारतोय."

"नाही," ती म्हणाली. "माझ्या नाहीत."

दारात मामांनी मान खाली घातली. साहेबांनी घसा खाकरला आणि ते खिडकीबाहेर पाहायला लागले.

"मग कुणाच्या?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तिला निर्दोष करून घरी पाठवणारा होता. तिने तपासनीसाच्या हाताखालून वही ओढून घेतली. पानं मागे उलटायला लागली. रजेचे सहा महिने संपले. तारखेमागून तारीख तिचं खरं अक्षर आलं, आणि तरी ती उलटतच राहिली.

"तुम्ही चुकीच्या जागी बघताय," ती म्हणाली. "खोटं इथून सुरू होतं. हे आकडे न मोजता लिहिलेत. अक्षर माझं आहे. सही माझी आहे. पुढचं सगळं यांच्यावरून उतरवलंय."

"मॅडम!" साहेब ओरडले.

"ताई," मामा म्हणाले.

तिने दोघांकडेही पाहिलं नाही. तपासनीसाने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पेनाचं टोपण काढलं.

"किती दिवसांचे?"

"एकसष्ट," ती म्हणाली. त्याने पुढे केलेली खुर्ची तिने पायाने बाजूला सारली, आणि उभ्यानेच, चढलेल्या आवाजात, एकेक तारीख वाचून दाखवायला सुरुवात केली.