राईलीला घरी पाठवलं

नवरा वारल्यावर महिनाभर ऊन खायला म्हणून राईली फिनलंडहून स्पेनमध्ये आमच्या आगिलासला आली, ती सव्वीस वर्षं राहिली. माझ्या बेकरीच्या वरच तिचं बिऱ्हाड. सुरुवातीला तिला आमच्या भाषेत 'पाव' एवढंच म्हणता यायचं. पुढे अशी तयार झाली, की मासळीवाल्या खिनेसशी भांडताना त्यालाच शब्द सुचेनासे व्हायचे.

"फुएनसांता, ह्या बाईला शिव्या कुणी शिकवल्या गं?" तो मला विचारायचा.

"तूच, मेल्या. रोज सकाळी!"

यंदा कार्निव्हलच्या आधी आम्ही दोघी बेकरीच्या मागच्या खोलीत अंड्यांच्या रिकाम्या कवचांत रंगीत कपटे भरत बसलो होतो. मिरवणुकीत एकमेकांच्या डोक्यावर फोडायला. तिच्या हातातलं कवच खाली पडलं.

"म्हातारी झालीस, राईली," मी म्हटलं.

ती काहीतरी बोलली. एक अक्षर कळलं नाही. थट्टा करतेय असं वाटून मी हसले. मग तिचं ओढलेलं तोंड दिसलं.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि आमची भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेली भाषा कधी कधी अशी पुसली जाते. आईची तेवढी उरली होती, तीही तुकड्यातुकड्यांनी. आपलं बोलणं इथल्या कुणाला कळत नाही, हे तिला उमगतच नव्हतं. तिला वाटायचं, आम्ही मुद्दाम उत्तर देत नाही. चिडायची, रडायची. एकच शब्द सारखा तोंडात: "कोतीन."

"हा कोतीन कोण?" खिनेस म्हणाला. "नवऱ्याच्या आधीचा, की नंतरचा?"

राईलीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

मी तिच्या भाचीला, सिर्पाला फोन लावला. दर उन्हाळ्यात येऊन तिला आमचं थोडंफार बोलता यायचं. तो शब्द तिने मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "मावशी म्हणतेय, घरी न्या."

सिर्पा दोन दिवसांत आली. मावशीला परोपरीने विचारलं, पण तोच एक शब्द. शेवटी मला म्हणाली, "तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. काय करू?"

तिकडे निदान चार माणसांना तिचं बोलणं कळेल, असं वाटलं. बेकरी सांभाळू की हिला, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "घेऊन जा."

दवाखान्याच्या दारात तिला गाडीत बसवताना तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मीच सोडवली.

एप्रिलमध्ये सिर्पाचा फोन आला. तिकडेही मावशी तेच म्हणत होती. तिला माहेरच्या गावी नेऊन जुनं घर दाखवलं, तर तिने मान फिरवली. मग सिर्पाने मोबाईलमधला आमच्या गल्लीचा जुना फोटो दाखवला. खाली बेकरी, वर तिची गॅलरी. राईलीने त्यावर बोट ठेवलं, ते उचलेचना.

"अगं, मग घेऊन ये तिला!" मी ओरडलेच. "वर चढवायला खिनेस आहे, मी आहे!"

"डॉक्टर आता प्रवास करू देत नाहीत," सिर्पा म्हणाली.

मग मीच जायचं ठरवलं. साठीत पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. निघायला चार दिवस होते, तेव्हा राईली गेली.

तरी गेले. तिकडे माणसाला पुरायची आमच्यासारखी घाई नसते, दोन-तीन आठवडे थांबतात. तिकीट पुढचं करून घेतलं. चर्चमध्ये सगळे हळू आवाजात राईलीच्या भाषेत बोलत होते. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून सिर्पाला काही विचारलं. सिर्पाने त्याला बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलंस, ते मी विचारलं नाही. मग तो सरकला आणि त्याने पुढच्या, घरच्यांच्या बाकावर मला जागा दिली.