गाठ मारायची नाही

"वहिनी, ती बादली खाली ठेवा," अध्यक्ष दारात आडवे उभे राहून म्हणाले. "त्यांनी आपल्याकडे माणूस पाठवलेला नाही. न बोलावता जाऊन आपली शोभा कशाला करून घ्यायची?"

"मेलेल्या बाईनं निरोप कसा धाडायचा, भावोजी?" असं म्हणून मावशींनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

अध्यक्ष म्हणजे मावशींचे धाकटे दीर, वरच्या सिनेगॉगचे कारभारी. खालचं सिनेगॉग त्याच रस्त्यावर, उतार संपतो तिथे. एकेकाळी रस्त्यावरचे सगळे ज्यू एकाच छताखाली प्रार्थना म्हणत. मग शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, एका प्रार्थनेच्या चालीवरून तंटा पेटला. कुणाची चाल जुनी, एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडली, भाऊ भावाला ओळखेनासा झाला. आता परिस्थिती अशी, की वर शिकवायला गुरुजी आहेत पण मुलं नाहीत, आणि खाली मुलं आहेत पण त्यांना कुणी शिकवत नाही. तरी दोघांचंही नाक वरच!

त्या सकाळी खालची बेकरीवाली गेली होती. ज्यू माणूस गेला की त्याला न्हाऊ घालून पांढरे साधे कपडे चढवायचे, आणि हे काम समाजातल्या माणसांनी करायचं; बाईचं बायकांनी, पुरुषाचं पुरुषांनी. वर ते मावशी करत, खाली बेकरीवाली. दोघी एकाच म्हातारीच्या हाताखाली शिकलेल्या. मावशी शिवणकाम करत आणि ती पाव भाजे, पण निरोप आला की दोघी हातातलं टाकून धावत. एकदा असंच काम आटोपून हात पुसताना ठरलं होतं, जी आधी जाईल तिला दुसरीनं न्हाऊ घालायचं. पुढे तंट्यात बोलणं तुटलं. तो शब्द मात्र दोघींपैकी कुणीही मागे घेतला नव्हता.

"समाजाचा विचार करा जरा," अध्यक्ष म्हणाले.

"तोच करतेय. तुम्ही बैठकीत बसून करता, मी बादली घेऊन करते." मावशी सुनेकडे वळल्या. "चल गं."

खालच्या सिनेगॉगच्या मागच्या खोलीत दोघीच होत्या. एक गुडघ्यांनी बेजार झालेली म्हातारी, आणि दुसरी दातांच्या दवाखान्यात काम करणारी चष्मेवाली मुलगी. म्हातारीनं नुसती बाजूला सरून जागा दिली.

पाणी घालून झालं, अंग पुसून झालं. कपडे चढवले. चष्मेवालीनं कमरेचा पट्टा बांधला आणि पटकन त्याला गाठ मारली.

"थांब," मावशी म्हणाल्या. "गाठ मारायची नाही. पीळ द्यायचा आणि टोक आत खोवायचं. या कपड्यांच्या दोऱ्यालासुद्धा गाठ नसते."

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "मला ठाऊकच नव्हतं. बेकरीवाल्या आजी सगळं स्वतःच करायच्या. मला म्हणायच्या, तू फक्त पाणी आणून दे."

मावशींना असा संताप आला, की बेकरीवाली समोर जिवंत असती तर तिला चांगली फैलावर घेतली असती. बये, एकटीच सगळं घेऊन चाललीस होय! आणि आपली सून तरी कुठे काय शिकलीय? तीही आज पहिल्यांदाच आलेली. त्यांनी गाठ सोडवली, पट्टा नीट बांधला. मग रीतीप्रमाणे गेलेल्या बाईची माफी मागितली, आमच्या हातून काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल म्हणून. आणि रीतीत नसलेलं एक वाक्य पुढे जोडलं. "मीही बोलले नाही गं, इतकी वर्षं." तेवढं म्हणताना त्यांना रडू आवरलं नाही.

बाहेर अंगणात पुरुष ताटकळत होते. प्रार्थनेला दहाजण लागतात, खालच्यांकडे सातच. रस्त्यापलीकडे वरच्या सिनेगॉगची मंडळी अध्यक्षांभोवती उभी, गंमत बघायला आल्यासारखी.

"दार उघडा, मावशी," खालच्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

मावशी बाहेर आल्या आणि दार ओढून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी दहा भरू देत. आणि खांदा दोन्हीकडच्यांनी द्यायचा."

"प्रार्थनेला चाल कुणाची?" अध्यक्षांनी पलीकडूनच विचारलं.

"कुठलीही लावा. चूक काढणारी आत निजलीय."

"ही जबरदस्ती झाली, वहिनी."

"झाली. आणि ऐकून ठेवा, उद्यापासून मुलांची शाळाही एकच. गुरुजी खाली येतील नाहीतर मुलं वर जातील. ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमची चाल खरी निघेलही हो, पण ती म्हणायला मागे कुणी उरायला नको?"

उन्हं चढत होती, आणि मयत काही ताटकळत ठेवता येत नाही. शेवटी अध्यक्ष रस्ता ओलांडून आले, मागून बाकीचे. दार उघडलं. शवपेटी उचलली गेली. प्रार्थना दोन चालींत एकदमच सुरू झाली, कानांना अगदी सोसवेना, पण कुणी थांबलं नाही.

पुरुष कबरस्तानाकडे गेले. बायकांनी फरशी पुसली. चष्मेवाली कोपऱ्यात उरलेल्या पट्टीला पीळ देऊन बघत होती. पीळ सारखा सुटत होता.

"इकडे ये," मावशी म्हणाल्या. "माझ्या कमरेला बांधून बघ."

"आई, असलं काही नका ना करू," सून कळवळून म्हणाली.

"मग काय खुर्चीला बांधून शिकणार? तू पण ये. एकदा ती, एकदा तू."

त्या दोन्ही हात बाजूला धरून ताठ उभ्या राहिल्या. मुलीनं पट्टी त्यांच्या कमरेभोवती आणली, पीळ दिला आणि टोक आत खोवलं.

"सैल झालं," मावशी म्हणाल्या. "सोड, पुन्हा बांध. मला घाई नाही."