उलट्या हातांचा साक्षीदार

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना सांगाडा आहे, पण प्लॅस्टिकचा. माझ्या अंगात एकही खरं हाड नाही. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून मी हसतोच आहे, कारण दुसरा चेहरा मला दिलेलाच नाही.

मला विकत घेतलं एका वकीलबाईंनी. दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे ज्यांचे हातपाय मोडतात, त्यांच्या बाजूने त्या न्यायालयात भांडत. कुणाचं कोणतं हाड मोडलं, ते माझ्या अंगावर बोट ठेवून दाखवत. दर शनिवारी त्या मला शाळेत नेत आणि रस्ता कसा ओलांडावा हे मुलांना शिकवत. "याने दोन्हीकडे बघितलं नव्हतं का?" असं हमखास कुणीतरी विचारायचं. माझी फुकट बदनामी!

एकदा मुलांनी मला सुटं केलं आणि मोठ्या प्रेमाने पुन्हा जोडलं. फक्त डावा हात उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. बाई घाईत होत्या. त्यांनी मला तसंच पिशवीत कोंबलं.

सोमवारी कपडे शिवणाऱ्या एका मावशींचा खटला होता. दुकानाची पायरी निखळलेली होती. तिच्यावरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. दुकानदाराचे वकील म्हणत होते, "हात पूर्ण बरा झालाय, भरपाई कशाची?" ते खरं ठरलं असतं, तर मावशींचे पुढचे उपचार थांबले असते आणि शिवणयंत्र कायमचं झाकून ठेवावं लागलं असतं.

बाईंनी मला उभं केलं. माझे दोन्ही अंगठे पाठीमागे वळलेले.

"बाईसाहेब, आधी डावं-उजवं ठरवून या," समोरचे वकील म्हणाले. सगळे हसले. मी तर आधीपासूनच हसत होतो, त्यामुळे माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना.

बाई लालबुंद झाल्या. तेवढ्यात मावशी उठल्या.

"अहो, बाही उलटी लागलीये याची. थांबा, उसवून लावते," त्या म्हणाल्या आणि सवयीने उजव्या हाताने माझ्या खांद्याचा स्क्रू फिरवू लागल्या. बोटं वळेनात. स्क्रू निसटून खाली पडला. मावशींनी तो उचलून पुन्हा धरला, पुन्हा पडला. शेवटी डाव्या हाताने त्यांनी माझे दोन्ही हात नीट बसवले आणि ओशाळून म्हणाल्या, "माफ करा हं, आधी असा वेळ लागत नव्हता मला."

आता कुणी हसत नव्हतं.

न्यायाधीशांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "पूर्ण बरा झालेला हात तो हाच ना?"

वकील कागद चाळत राहिले. मावशी खटला जिंकल्या.

हल्ली बाईंची भाची कचेरी सांभाळते. माझ्या खांद्यावर छत्र्या आणि बरगड्यांत रुमाल अडकवते. शाळेत जाऊन कित्येक वर्षं झाली. असो.

मित्रांनो, निखळलेली पायरी दिसली, तर ओलांडून पुढे जाऊ नका. मोठ्यांना सांगा, दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. माझ्या खांद्याचा स्क्रू कोणत्याही दुकानात मिळतो. मावशींनी पुढे वर्षभर उपचार घेतले, आता त्या बटणं लावतात. पण काजं मात्र शेजारणीकडून करून घ्यावी लागतात.