तीनशे ग्रॅम कमी

तीस किलोच्या आतला बोकड मुलांच्या स्पर्धेत घेत नाहीत. माझा घरच्या काट्यावर साडेएकोणतीस भरला आणि काकांना चेव चढला.

"सकाळी भरड्यात मूठभर मीठ टाकायचं, मग वजनाच्या आधी बादलीभर पाणी पाजायचं. तुझा दादा तीन वर्षं उगाच नाही पहिला आला!"

दादा म्हणजे काकांचा मुलगा. गेल्या वर्षी त्याचा बोकड पहिला आला आणि दुपारी पोट फुगून मैदानातच आडवा झाला. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. कप मात्र आल्यागेल्याला दिसेल असा मांडून ठेवलाय.

मी मीठ टाकलं नाही. टाकलं म्हणून सांगितलं, हे खोटं मला मान्य आहे. पण नऊ महिने ह्या गड्याचे खूर मी कापले, गोठा मी झाडला, तो आजारी पडला तेव्हा शाळा मी बुडवली. काकांना त्याची खोडही माहीत नाही.

वजनाच्या रांगेत काका बादली घेऊन हजर. बोकडाने नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पीत का नाही हा?"

"तहान नाही त्याला. मीठ घातलंच नव्हतं मी."

"डोकं फिरलंय का तुझं? धर त्याचं तोंड!"

मी बादलीला लाथ घातली. काकांचे नवे बूट चिंब झाले, रांगेतली मुलं खिदळली.

"घराण्याचं नाक कापलंस," काका दातओठ खात म्हणाले. कापलं तर कापलं.

तरी काटा तीस दाखवेल अशी वेडी आशा होती मला. एकोणतीस किलो सातशे.

"बाद," काट्यावरचा माणूस म्हणाला. "चला, पुढचा."

मी जागची हलले नाही. "कार्डावर वजन लिहा."

"बाद झालेल्यांचं लिहीत नाही, बाळ."

"लिहा. मी वाढवलंय ते. बाकीच्यांच्या बोकडांची पोटं चाचपा, मग कोण बाद ते बोलू."

खिदळणं थांबलं. त्याने मागच्या बोकडाच्या टम्म पोटाकडे पाहिलं, उपड्या बादलीकडे पाहिलं आणि मुकाट्याने आकडा लिहिला.

"वाढवणाऱ्याची सही," म्हणत त्याने कार्ड आणि पेन माझ्या हातात दिलं.

मला रडू फुटत होतं. काकांनी सवयीने हात पुढे केला. दादाच्या कार्डावर दरवर्षी तेच सही करायचे.

मी पेन दिलं नाही.