मांजराचं पच्चक्खाण

"जीवमात्रावर दया हाच मनुष्यजन्माचा एकमेव हेतू आहे, आणि या घराच्या उंबरठ्याआत मुंगीलासुद्धा मरणाचं भय नाही," असं भिकमचंद शेठ धुळ्यातल्या आपल्या ओट्यावर बसून चार पाहुण्यांना सांगत होते. नेमकी तेव्हाच त्यांची मांजरी तोंडात कबुतर धरून तोच उंबरठा ओलांडून आत गेली. तिनं पाहुण्यांकडे पाहिलंही नाही. कबुतर मात्र पाहत होतं.

पाहुणे भुसावळचे, जैन समाजातलेच. एकानं रुमाल काढून चष्मा पुसला. त्या चष्मा पुसण्यानं भिकमचंद जेवढे मेले, तेवढं कबुतरही मेलं नसेल.

मांजरी तशी घराची नव्हती, दुकानाची होती. पुढे धान्याचं दुकान, मागे गुदाम, गुदामात पोती आणि पोत्यांत उंदीर. उंदरांचं काय करायचं ते मांजरीनं गुदामाच्या अंधारात करावं आणि शेठजींनी तिकडे पाहू नये, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा समझोता होता. तो तिनं भर ओट्यावर मोडला.

दुसऱ्या दिवशी तिला पोत्यात घातलं. श्वास घेता यावा म्हणून पोत्याला भोकं पाडली. वाटेत भूक लागू नये म्हणून आधी वाटीभर दूध पाजलं. ट्रकवाला धनसिंग पिंपळनेरला माल घेऊन निघाला होता, त्याच्या हवाली करताना शेठ म्हणाले, "वस्ती बघून सोड. आणि हळू सोड, लागेल तिला." इतक्या दयेनं घराबाहेर काढलेली मांजरी उभ्या खानदेशात दुसरी नसेल. फक्त तिला दूध पाजताना तिच्या पोटाकडे कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचे सड दुधानं भरलेले दिसले असते.

संध्याकाळी गुदामातून बारीक आवाज येऊ लागला. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, तिच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. शेठजींच्या पत्नी प्रेमकुंवरबाईंनी ढिगात हात घातला आणि मुठीत मावेल एवढं एक पिल्लू बाहेर काढलं. डोळे नुकते किलकिले झालेले, कान डोक्याला चिकटलेले. ते त्यांच्या बोटांच्या बेचक्यात तोंड घालून काहीतरी शोधत होतं.

प्रेमकुंवरबाईंनी ते नवऱ्यासमोर धरलं. चष्मा पुसणारा पाहुणा परवडला असता, असं भिकमचंदांना वाटलं.

धनसिंगला उलट पावली पिंपळनेरला पिटाळलं. तो आला तो विजयी मुद्रेनंच. "ह्या ल्या शेठ, तुमनी मांजर." पोतं सोडलं. आतून एक लठ्ठ, पिवळा, कान फाटलेला प्राणी निघाला आणि पंजे चाटत बसला. पिल्लू थरथरत त्याच्या पोटाशी गेलं, तोंडानं चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलं. तिथे काही नव्हतं. ते परत पहिल्या टोकापासून सुरू झालं.

"धनसिंग," शेठ म्हणाले, "हा बोका आहे."

"अंधारामा काय दिखस शेठ. तठे बठ्ठ्या मांजरी सारख्याच शेतस."

बोक्यानं ते ऐकून घेतलं आणि उठून निघून गेला. पिल्लू जमिनीवरच्या त्याच्या उबेला तोंड लावून बसलं. हे बघून धनसिंगही टोपी सारखी करत निघून गेला.

तेव्हा भिकमचंदांनी ठरवलं की हे पाप साधं नाही, याला प्रायश्चित्तही तसंच पाहिजे. चातुर्मास चालू होता, गावातल्या जैन स्थानकात साधू महाराजसाहेब उतरले होते. पण त्यांना विचारायला जावं तर आधी मांजरी, पोतं आणि पिंपळनेर हे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून शेठजींनी घरीच पूर्वेकडे तोंड करून हात जोडले आणि पच्चक्खाण घेतलं, म्हणजे त्यागाची शपथ. सूर्य मावळला की या घरात चूल पेटणार नाही आणि या घरातल्या कोणाही जीवाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाणार नाही, चातुर्मास संपेपर्यंत.

व्रत कडक होतं यात शंका नाही. मात्र रात्रीचं जेवण त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नव्हतंच. नव्यानं सोडण्यासारखं होतं ते एकट्या पिल्लाचं.

दिवसा मात्र त्यांनी त्याची जी सेवा केली, तशी पोटच्या पोराचीही केली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दर दोन तासांनी पाजा. कोमट पाजा. रात्रीसुद्धा." रात्रीसुद्धा हे शब्द सोडून बाकी सगळं भिकमचंदांनी तंतोतंत पाळलं. कापसाची वात वळायची, दुधात बुडवायची, पिल्लाच्या ओठांशी धरायची. मग मांजरी जिभेनं करते तसं ओल्या फडक्यानं त्याचं पोट हळूहळू चोळायचं, नाहीतर त्याला लघवी होत नाही. गिऱ्हाईक ताटकळत उभं असे आणि शेठ गादीवर मांडीत पिल्लू घेऊन म्हणत, "थांब जरा, आमचं व्हायचंय."

गुदामात उंदीर आता दिवसाढवळ्या फिरत होते. शेठजींना त्याचं काही वाटत नव्हतं.

दिवस कलला की ते वात बाजूला ठेवत आणि हात धूत. पिल्लू त्यांच्या अंगठ्याला लुचत राही. तो अंगठा काढून घ्यायला त्यांना फार वेळ लागे. मग ते पिल्लाला कापसाच्या टोपलीत ठेवत आणि डोळे मिटून माळ ओढत बसत. पलीकडून रडणं ऐकू येई. हे ऐकणं हेच प्रायश्चित्त, असं ते स्वतःला समजावत. रडणारा वेगळा होता, हे त्यांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

सकाळी टोपलीत हात घातला की पिल्लू आदल्या दिवसापेक्षा गार लागे आणि आदल्या दिवसापेक्षा कमी पिई.

धुण्याभांड्याला येणारी भिकुबाई एका दुपारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेठ, मी लई जास याले मना घर. मन्ही चूल रातले पेटेलच ऱ्हास."

"नाही," शेठ म्हणाले. "पाप माझं आहे, भिकुबाई. प्रायश्चित्तही माझ्याच घरात व्हायला पाहिजे."

"पाप तुमनं शे, ते खरं शे. पन पोट त्यानं शे ना?"

शेठजींनी तिला धर्मातल्या सूक्ष्म गोष्टी समजावून सांगितल्या. तिनं त्या भांडी घासता घासता ऐकल्या आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली.

त्याच संध्याकाळी पिल्लू रडलं नाही. भिकमचंदांनी माळ थांबवली. रडण्यापेक्षा हे ऐकणं अवघड होतं.

प्रेमकुंवरबाई टोपलीशी बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "आपला गौतम सातव्या महिन्यातच झाला होता. आठवतं?"

"आठवतं ना. कापसात ठेवला होता."

"कापसात ठेवला होता आणि वातीनं दूध पाजलं होतं. रात्री चूल कोण पेटवायचं?"

भिकमचंदांना हा प्रश्न इतक्या वर्षांत पडला नव्हता. तेव्हा ते माडीवर झोपत असत.

"तुमच्या आई," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या.

आई म्हणजे धापूबाई. सूर्य मावळल्यावर आजारपणातही पाण्याचा घोट न घेतलेली बाई. समाजात अजून तिचं नाव काढून सुनांना घाबरवतात. प्रेमकुंवरबाई सांगत होत्या, "मला म्हणाल्या, चूल विझवून बसले तर पुण्य मला लागेल आणि पोर जाईल. भिकमला सांगू नको, त्याला उगाच लागेल."

भिकमचंद तसेच उठले आणि वहाणा न घालता स्थानकाकडे चालू लागले. महाराजसाहेबांपुढे त्यांनी कबुतर, पोतं, बोका सगळं एका दमात सांगितलं. महाराजांनी मुखपट्टीआडून विचारलं, "हे पच्चक्खाण दिलं कोणी तुम्हाला?"

"मीच घेतलं."

"ते आपल्या तोंडाचं घ्यायचं असतं, भिकमचंदजी. दुसऱ्याच्या तोंडाचं घेता येत नाही."

"मग चूल पेटवू?"

"आगीत जीव जातात, म्हणून पेटवा असं आम्ही साधू म्हणू शकत नाही," महाराज म्हणाले. "पेटवू नका असं तरी कधी म्हणालो होतो?"

सूर्य मावळून गेला होता. घरी येऊन शेठजींनी आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली. अर्धी काडेपेटी गेली, स्वयंपाकघर धुरानं भरलं, दूध एकदा करपलं, दुसऱ्यांदा ठीक कोमट झालं. प्रेमकुंवरबाईंनी पदरात धरलेल्या पिल्लाच्या ओठांशी त्यांनी वात नेली. पिल्लानं तोंड उघडलं, मिटलं नाही. थेंब ओठावरून घरंगळला आणि कानाकडे गेला. भिकमचंदांनी तो बोटानं पुसला, दुसरा दिला. तोही तसाच गेला.

"थोडं थांबू," ते म्हणाले. "दम घेतोय तो."

प्रेमकुंवरबाईंनी पदर झाकून घेतला. वाटीतलं दूध अजून कोमटच होतं.

सकाळी भिकुबाईनं परसात खड्डा खणला. शेठ ओट्यावर येऊन बसले. डोळे सुजलेले, हाताला चुलीची काजळी. समोर प्रेमकुंवरबाई डाळ निवडत होत्या.

"मी निर्दय माणूस आहे," भिकमचंद म्हणाले. "आजपासून दूध मला वर्ज्य. दुकान गौतमला देतो. मी पिंपळनेरला जातो, गल्लोगल्ली फिरतो, त्या मांजरीसमोर हात जोडून उभा राहतो. ती जे प्रायश्चित्त देईल ते घेतो. तिची क्षमा मिळाल्याशिवाय या घरात परत पाऊल ठेवणार नाही. अन्न..."

तेवढ्यात हातात केरसुणी घेऊन भिकुबाई त्यांच्यापुढे येऊन वाकली.

"शेठ," ती म्हणाली, "जरासा पाय वर करा. झाडनं शे."