कल्पिताचा चष्मा आणि रविवारची तारीख

मित्रांनो, मला दुकानात मांडून ठेवलं असतं, तर तुम्ही माझ्याकडे दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं. तपकिरी चौकट, जाडजूड काचा आणि जराशी सैल झालेली डावी दांडी. मी नागावच्या कल्पिताचा चष्मा. वयाने जुना झालो आहे, पण अजून कामावर आहे.

अलिबागच्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. चौकट कुठल्या तरी कारखान्यातून आली होती. काचा मात्र दुकानदाराने घासून, फुंकर मारून माझ्यात बसवल्या. कल्पिता तेव्हा अकरावीत होती. मला डोळ्यांवर चढवून ती दुकानाबाहेर आली आणि समोरून एसटी आली. "आई, रेवदंडा गाडी!" तिने लांबूनच पाटी वाचली. त्याआधी ती बस पुढ्यात येईपर्यंत शेजारच्या माणसाला विचारत असे. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पण तिचा नंबर काही एका जागी थांबेना. जवळजवळ दरवर्षी माझ्या काचा बदलाव्या लागत. दुकानदार म्हणायचा, "वाढतं वय आहे, वाढणारच नंबर." घरचेही मान हलवत. मोठ्या डॉक्टरांना दाखवावं, असं कोणालाच सुचलं नाही. कल्पिताला एक सवयही होती. खाऱ्या वाऱ्याने डोळ्यांना खाज सुटली, की ती मला कपाळावर सारून दोन्ही मुठींनी डोळे खसाखसा चोळायची. ते पाहून मी बेचैन व्हायचो.

कल्पिताची आई तुळसा किनाऱ्याजवळच्या पाहुण्यांना घरगुती जेवण करून देते. वडील बाळाराम मांडव्याच्या धक्क्यावरून सामानाचा टेम्पो चालवतात. कल्पिताचं मन मात्र लहानपणापासून पाण्यात. बारावी झाल्यावर ती किनाऱ्यावर पर्यटकांसाठी बोटी चालवणाऱ्या प्रज्योतदादाकडे कामाला लागली. पर्यटकांना जॅकेट बांधायचं, रबरी बोटीवर बसवायचं आणि गंमत म्हणून बोट मुद्दाम उलटवली की पाण्यात उतरून एकेकाला वर घ्यायचं. मला ती डोक्यामागून एका लवचिक पट्ट्याने बांधून ठेवी. मध्यंतरी तिने डोळ्यांत घालायच्या लेन्स आणल्या आणि मी खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. पण पाण्याने आणि वाळूने डोळे लालभडक होऊ लागले, तेव्हा पुन्हा माझीच आठवण झाली.

एका मे महिन्यात ते घडलं. बोट नेहमीसारखी उलटली. लोक हसत, खोकत पाण्यावर आले. तेवढ्यात एका लाटेने मला कल्पिताच्या नाकावरून उडवलं. पट्टा गळ्यात अडकला म्हणून वाचलो. मी तिच्या गळ्याशी लोंबकळत होतो आणि तिच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते.

"माझी मुलगी! अहो, माझी मुलगी कुठंय?" एक बाई किंचाळल्या.

मुलगी पाच हातांवर होती. जॅकेट गळ्यापाशी वर सरकून तिचं तोंड झाकलं गेलं होतं. मला ती दिसत होती. कल्पिताला दिसत नव्हती. तिला सगळीकडे नारिंगी ठिपकेच दिसत होते, कारण सगळ्यांची जॅकेटं नारिंगी. ती हात पसरून चुकीच्या बाजूला वळली. प्रज्योतदादाने बोटीतून उडी मारली आणि मुलीला उचललं.

मुलीला काही झालं नाही. थोडं खारं पाणी पोटात गेलं, एवढंच. पण कल्पिता वाळूत बसून राहिली. मला डोळ्यांवर चढवायचंही तिला भान नव्हतं.

संध्याकाळी प्रज्योतदादा तिच्याजवळ आला. "कल्पे, तुझ्यासारखा पोहणारा माझ्याकडं दुसरा न्हाय. पावसाळ्यानंतर जीवरक्षकाच्या ट्रेनिंगला तुझंच नाव देणार होतो. पण तिथं बिगरचष्म्याची नजर बघतात. आजचं तूच बघितलंस."

"दादा, मी लेझर करून घेते," कल्पिता म्हणाली. "अमिषाने केलंय ना. दुसऱ्या दिवशी तिला सगळं लख्ख दिसायला लागलं."

अमिषा तिची चुलतबहीण, नवी मुंबईत राहणारी. मित्रांनो, 'लेझर' हा शब्द मी त्या दिवशी नीट ऐकला. ते झालं की चष्मा लागत नाही म्हणे. अमिषाचा चष्मा कुठे गेला, हे विचारायची मला हिंमत नव्हती, आणि विचारणार तरी कसा?

घरी ही गोष्ट निघाली तशी तुळसाच्या हातातला डाव खाली आला. तिच्या भावाचा, रावजीमामाचा, एक डोळा लहानपणी दगड लागून गेला होता. त्या रिकाम्या डोळ्याकडे बघतच ती मोठी झाली होती. "डोल्यांशी खेल नको करू, गो बाय," ती म्हणाली. "चष्म्यानं काय बिघडलं? मामाला विचार, एक डोला गेला की काय होतं ते."

"मामाला दगड लागला होता, आई. हे मशीन असतं."

"मशीन चुकत न्हाय का?"

पण कल्पिता मागे हटली नाही. पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तिने वेळ घेतली आणि एकटीच एसटीने निघाली. वाटेतलं वडखळ मागे पडेपर्यंत तिने मला ओढणीने इतक्या वेळा पुसलं, की माझ्या काचांवर धूळ उरली नसेल.

तिथे तिच्या डोळ्यांत थेंब घातले. गोल कड्या दिसणाऱ्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायला सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन रंगीत चित्रं लावली, उजव्या आणि डाव्या डोळ्याची. डाव्या चित्राच्या खालच्या बाजूला लाल डाग होता. बाई ते चित्र बराच वेळ बघत राहिल्या. मी कल्पिताच्या मांडीवर होतो. तिची बोटं माझ्या दांडीवर घट्ट आवळली होती.

"डोळे चोळतेस का गं?"

"कधीकधी."

"खरं सांग."

"खूप," कल्पिता पुटपुटली.

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे बघ. बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. तुझा मुळात पातळ आहे आणि डाव्या डोळ्यात तो खालून फुगून पुढे यायला लागलाय. म्हणून नंबर थांबत नाही. लेझरमध्ये आम्ही याच पडद्याचा थोडा थर काढतो. तुझ्याकडे काढायला काही नाही. काढला, तर हा पडदा आणखी फुगेल आणि मग चष्मा लावूनही नीट दिसणार नाही."

"म्हणजे लेझर होणार नाही?"

"तुझ्या डोळ्यांवर कोणीही करू नये. त्याऐवजी हे वाढणं थांबवायचे उपचार करू. नजर त्याने सुधारेलच असं नाही, पण आहे ती टिकेल. उशीर करू नकोस. पुढच्या वेळी आईला घेऊन ये."

परतीच्या वाटेत कल्पिताने मला डोळ्यांवर घेतलंच नाही. घरी आईने विचारलं, तर म्हणाली, "मशीन बंद होतं. पुन्हा जावं लागेल."

पुढच्याच आठवड्यात ती अमिषाबरोबर लेझरच्या दुसऱ्या दवाखान्यात गेली. चकचकीत काचेचं दार, थंडगार हवा आणि भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. टेबलामागच्या तरुणाने घाईघाईत तपासणी करवून घेतली आणि हसून म्हणाला, "होऊन जाईल मॅडम. रविवारी या. सोमवारी चष्मा फेकून द्या."

"पडदा पातळ असला तर?" कल्पिताने हळूच विचारलं. पनवेलच्या बाईंनी दिलेलं डोळ्याचं चित्र तिच्या पिशवीतच होतं. तिने ते बाहेर काढलं नाही.

"नवीन मशीन आहे. ते सगळं ॲडजस्ट करतं."

"डॉक्टर भेटतील का?"

"रविवारी भेटतीलच की."

अमिषाने तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, उगाच घाबरत होतीस!" कल्पिताने रविवारची तारीख पक्की केली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, काय सांगू! पनवेलच्या बाईंचा शब्दन् शब्द मी ऐकला होता. मला फेकून देतील याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की मला फेकून देतील आणि नंतर मी किंवा माझ्यासारखा दुसरा कोणीही तिच्या उपयोगी पडणार नाही. कल्पिताला जेवण जात नव्हतं. ती आरशासमोर उभी राहून डावा डोळा झाकायची, मग उजवा, मग पुन्हा डावा. डाव्या डोळ्याने तिला ट्यूबलाइट एकाऐवजी दोन दिसत. ते तिला ठाऊक होतं. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं.

शनिवारी दुपारी ती मागच्या दारी केस धूत होती. मी खिडकीत होतो. तुळसा खिडकी पुसायला आली. तिने मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःच्या डोळ्यांवर चढवलं. लगेच तिने भिंत धरली. तिला घेरी आली. जमीन वर आली, दार लांब पळालं, चूल इवलीशी झाली. तिने मला काढलं आणि हातात धरून तशीच मागच्या दारी गेली.

"कल्पिता, ह्याच्याबिगर तुला मी दिसते का?"

कल्पिताने ओल्या केसांतून वर पाहिलं. "जवळ आलीस की दिसतेस."

"आता? हितं उभी हाय तर?"

"आता रंग दिसतो. हिरवी साडी आणि वर काहीतरी काळं."

"तोंड?"

"तोंड नाही दिसत, आई."

तुळसा पायरीवर बसली. "इतकी वर्षं मला वाटलं, जरा धूसर दिसत असल. माझा तोंडच दिसत न्हाय?" तिने पदराने माझ्या काचा पुसल्या, खरं तर पुसायचे होते तिचे स्वतःचे डोळे. मग म्हणाली, "करू आपण ते मशीनचं. मी भिते म्हणून तू आंधल्यावानी नको फिरू. उद्या चल म्हणशील तर उद्या येते. तुझा हात धरून बसते."

कल्पिताच्या केसांतून पाणी गळत होतं. एवढे दिवस आईच्या नाही म्हणण्याशी ती मनातल्या मनात भांडत होती. आता भांडायला कोणी उरलं नव्हतं. आईने विश्वास टाकला आणि तिला तो पेलवेना.

"आई, मशीन बंद नव्हतं," ती म्हणाली आणि रडू लागली. "पनवेलच्या डॉक्टर नाही म्हणाल्या. माझा डावा डोळा बिघडतोय. लेझर केलं तर आणखी बिघडेल. मी तुला खोटं सांगितलं. उद्याची तारीख घेऊन ठेवलीय मी, दुसरीकडे."

तुळसाने तिच्यावर आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "ह्या दुसऱ्यांना पनवेलचं सांगितलंस?"

"नाही."

"का गो बाय?"

"ते पण नाही म्हणाले असते."

तिथेच, ओल्या केसांनी, कल्पिताने फोन करून रविवारची तारीख रद्द केली. पलीकडून तो तरुण बराच वेळ समजूत घालत होता. "नको," म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या वेळी पनवेलला तिघं गेले. बाळारामांनी त्या दिवशी टेम्पो बंद ठेवला. डाव्या डोळ्यावर उपचार ठरले. पडद्यावर पिवळे थेंब टाकायचे आणि निळसर प्रकाश सोडायचा, म्हणजे पडदा घट्ट होतो. कल्पिता आत गेली आणि मी तुळसाच्या मुठीत राहिलो. दार उघडलं की ती उठायची, दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं की बसायची. बाळाराम पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. तुळसाच्या तळव्याच्या घामाने माझ्या काचा धुरकट झाल्या होत्या.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. डोळा आग आग करी. कल्पिता उशीत तोंड खुपसून पडे आणि वेदनेत तिचा हात सवयीने डोळ्याकडे जाई. तुळसा तो धरून ठेवी. "चोलू नको. माझा हात आवल, पण डोला नको चोलू."

प्रज्योतदादाला कल्पिताने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. जीवरक्षकाच्या ट्रेनिंगला त्या वर्षी दुसऱ्याचं नाव गेलं. तिला ते लागलं, फार लागलं. यादी लागली त्या दिवशी ती किनाऱ्यावर फिरकली नाही. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने नंबरचा पोहण्याचा चष्मा करून घेतला. आता ती एका रिसॉर्टच्या तलावात गावातल्या मुलांना पोहायला शिकवते. मुलं हाताच्या अंतरावर असतात आणि तिला त्यांचे चेहरे दिसतात. मी काठावर टॉवेलवर बसून असतो.

मागच्या महिन्यात मोठी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं आणि दोन्ही ताडून पाहिली. तुळसाला त्या चित्रांतलं काही कळत नव्हतं, म्हणून ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"थांबलंय," बाई म्हणाल्या. "आहे तिथेच आहे. पण दर सहा महिन्यांनी यायचं, विसरायचं नाही. उजव्यावरही लक्ष ठेवायचंय."

मित्रांनो, मी एक चष्मा. मी डोळे बरे करू शकत नाही, फक्त सोबत करू शकतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. डोळ्यांना खाज आली तर चोळू नका, पाण्याने धुवा. नंबर सारखा वाढत असेल, तर नुसती माझी काच बदलून गप्प बसू नका. आणि डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा त्यांच्यापासून काही लपवू नका.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर कल्पिताने विचारलं, "आई, मी कायम अशीच चष्म्यात राहिले तर?"

तुळसा रस्ता ओलांडत होती. तिने मागे हात केला. "राहा की. चल, गाडी सुटल."