सातवा बुरूज

पैज लागली जहाजावर, सकाळच्या नाश्त्याला. समोर बंदर, त्यामागे तटबंदीतलं जुनं गाव. सहलीला आलेल्या आळीतल्या सगळ्यांनी दिवसभर उंडारायचं आणि चारला वेशीपाशी जमायचं, असं ठरलेलं.

"काकू, नवा गुडघा नुसता मिरवायला बसवलाय का?" मिशीभाऊंनी काडी टाकली. काकूंच्या शिलाईच्या दुकानाखालीच त्यांचं केस कापायचं दुकान. "तटाचे सातही बुरूज हात लावून चारच्या आत या. अर्धी मिशी देतो, भर वेशीत!"

"उजवी का डावी?"

"आई, गप गं," लेक म्हणाला. "दुकानाचा जिना चढवत नाही तुला. म्हणून तर ते बंद करायचं ठरलंय."

"तुझं ठरलंय. मी सात बुरूज केले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं, तर किल्ली तुझी."

"कबूल. पंच म्हणून मी बरोबर येतो."

मिशीभाऊ गालात हसले. त्यांनी नकाशा आधीच पाहून ठेवला होता. बुरुजांना घरं चिकटलेली, सातवा तर एका घराच्या पोटातच!

पहिला बुरूज कोंबड्यांच्या खुराड्यामागे, तिसरा सुताराच्या भुशात. सहाव्यापर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. लेक म्हणाला, "बस झालं आता." काकूंनी ऐकलंच नाही.

सातव्याच्या घराचं दार अर्धवट उघडलं. आत हॉटेलातला वाढपी, अंगात कडक गणवेश, एक हात मागे. तो "नाही, नाही" अशी मान हलवायला लागला. काकूंनी मान वाकडी करून मागे डोकावलं. विजार बुडावर टर्रकन फाटलेली!

"काढ," काकूंनी खुणेनं फर्मावलं. बिचारा लाजून पडद्याआड गेला आणि विजार बाहेर भिरकावली. काकूंच्या पिशवीत सुईदोरा कायमचाच. पाच मिनिटांत शिवण अशी बसली, की कुठे फाटलं होतं ते शोधून सापडू नये. वाढपी विजार चढवून आला, हात जोडले आणि वर बोट दाखवलं.

खाली चारी बाजूंना फळ्या. बुरुजाचा दगड उघडा होता तो फक्त माळ्यावर, आणि माळ्याला शिडीसारखा जिना. अगदी दुकानाच्या जिन्याचा जुळा भाऊ.

लेकानं हात पुढे केला. काकूंनी चापट मारली. "पंचानं खेळायचं नसतं."

दोन्ही हातांनी कठडा धरून, दात आवळून, एकेका पायरीवर शिवी हासडत काकू वर गेल्या. दगडावर थाप मारली.

चारला पाच कमी असताना काकू लंगडत वेशीत शिरल्या.

"सात," लेक म्हणाला. "आणि भाऊ, दुकान चालू राहतंय."

मिशीभाऊ मुकाट्यानं पायरीवर बसले. आळीतले शेजारीपाजारी गोळा झाले, कामावर निघालेला वाढपीही थबकला. काकूंनी दोरा तोडायची कात्री काढली. कचकच! उजवी बाजू साफ.

"काकू, आता डावीही उडवा हो! असा कसा फिरू?"

"ती दुकानात," काकूंनी कात्री पिशवीत टाकली. "जिना चढून वर यायचं."